पाण्याखाली किती उजेड पाडायचा? एक स्ट्रोब की दोन?

निवळशंख

मंडळी, पहिला स्ट्रोब (पाण्याखाली वापरायचा फ्लॅश) घ्यायला निघालेल्याला जो तो एकच सांगतो, "घेतोयस तर जोडीच घे." मी ऐकलं, घेतली, आणि आता त्यातला एक विकायला काढलाय. म्हणून हा धागा.

कॅमेरा साधाच आहे. ऑलिंपसचा टीजी-६, त्याचं ४५ मीटर खोलीपर्यंत चालणारं हाउसिंग (पाणी न शिरणारी पेटी) आणि कॅमेऱ्याचा इशारा स्ट्रोबला पोचवणारी फायबर ऑप्टिक केबल. डिसेंबरात गोव्याला ग्रँड आयलंडजवळ सुझीज रेक या बुडालेल्या जहाजावर उतरलो. जेमतेम चार-पाच मीटरपर्यंतचं दिसत होतं. दोन्ही स्ट्रोब हाउसिंगच्या कानांना चिकटलेले आणि तोंडं सरळ लायनफिशकडे. वर येऊन फोटो बघतो तर लायनफिश आहे, पण कुणीतरी त्याच्यावर किलोभर रवा उधळलाय. दुसऱ्या दिवशी एक स्ट्रोब काढून ठेवला. उरलेला लांब आर्मवर (स्ट्रोब धरणाऱ्या दांड्यावर) डावीकडे वर नेला आणि जरा बाहेर वळवला, म्हणजे माशावर झोताची फक्त कड पडावी. पाणी तेच, मासाही बहुधा तोच, पण रवा जवळजवळ गायब.

तेव्हा माझं मत असं की आपल्या पश्चिम किनाऱ्यावर एकच स्ट्रोब घ्यावा आणि वाचलेले पैसे आर्म-क्लॅम्पवर घालावेत. खोक्यावरच्या गाइड नंबरला (स्ट्रोबच्या ताकदीचा आकडा, त्याला मीटरमधल्या अंतराने भागलं की अॅपर्चर मिळतं) भुलू नका, तो हवेतला असतो. पाण्यात त्याचा साधारण तिसरा हिस्सा धरा. २० चा स्ट्रोब पाण्यात साडेसहा-सात भरतो, म्हणजे आयएसओ १०० ला अर्ध्या मीटरवर अॅपर्चर एफ १३-१४. याहून जास्त करायचंय काय? प्रकाशाला जाऊन परत यायचं असतं, म्हणजे मीटरभर लांबच्या माशासाठी दोन मीटर पाणी. दीड मीटरच्या पुढे लाल रंग हाती लागतच नाही, मग नंबर ३३ असो की ५०.

आणि एका बाजूला सावली पडते म्हणून ओरडू नका. सूर्यही एकच आहे.

प्रवाळवेडी

साफ असहमत. दुसऱ्या दिवशी तुम्ही आर्म लांब केला, कोन बदलला आणि वर एक स्ट्रोब काढला. तीन गोष्टी एका दमात बदलल्या आणि श्रेय फक्त तिसरीला! रवा सांडला तो लेन्स आणि मासा यांच्या मधल्या पाण्यातले कण उजळल्यामुळे. दोन्ही स्ट्रोब लांब नेऊन बाहेर वळवले असते तर मधली जागा अंधारीच राहिली असती आणि मासा दोन्ही अंगांनी उजळला असता.

सूर्य एक आहे हो, पण त्याच्या भोवतीचं आकाश केवढं मोठं आहे! जमिनीवर सावलीची बाजू आकाशामुळे दिसते. वीस मीटर खाली ती काळीनिळी पडते.

मी अंदमानात वाइड अँगल करते. हॅवलॉकच्या डिक्सन्स पिनॅकलवर एका मोठ्या सी फॅनचा (पंख्यासारख्या प्रवाळाचा) फोटो एकाच स्ट्रोबवर काढला होता, कारण दुसऱ्याची केबल बोटीवर राहिली. अर्धा पंखा लालभडक, अर्धा राखाडी. रंगारी अर्धी भिंत रंगवून जेवायला गेल्यासारखा. फिशआय लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८० अंश बघते, स्ट्रोबचा झोत शंभर-एकशेदहा अंशांचा. एकट्याला झेपणार कसं?

तुमचा अर्ध्या मीटरचा हिशेब मॅक्रोला, म्हणजे बारक्या जिवांच्या जवळून काढलेल्या फोटोंना, ठीक आहे. फ्रेममध्ये सूर्य घ्या की मग समजेल. पाण्याचा निळा शटरने ठरतो, पण सिंकमुळे (शटर आणि फ्लॅश जुळायला हवेत म्हणून) शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेता येत नाही. मग अॅपर्चर एफ १३-१६ ला बंद करावं लागतं आणि तिथे २० चा स्ट्रोब धापा टाकतो. शिवाय पूर्ण ताकदीने मारलेला फ्लॅश पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद घेतो. दोघांना निम्म्या ताकदीवर ठेवलं तर बराच लवकर तयार. कासव काही तीन सेकंद तुमच्यासाठी थांबत नाही.

दर्यावर्दी

मी मालवणचो. रोज लोकांक खाली नेतंय, म्हणून दोन शब्द. ज्या दिवशी तीन मीटर दिसता, त्या दिवशी एक लावा नायतर दोन, काय उजेड पडतलो?

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. तुमच्या फोटोतला निम्मा रवा समुद्राचा नसतो, तुमच्याच फिन्सनी उडवलेला असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला तळाला बारीक गाळ आहे. एक लाथ बसली की पाच मिनिटं काही दिसत नाही. दोन्ही हात पसरल्यासारखे आर्म लावून कुणी खडकाशी आला की माझ्या पोटात गोळा येतो. पुढे फोटो, मागे फिन प्रवाळावर. आधी पन्नास डाइव्ह करा, हात न हलवता एका जागी तरंगायला शिका, मग स्ट्रोबचं बोला.

काडीपेटी

उगाच काडी टाकतो. स्ट्रोब हवाच कशाला? तीन-चार हजार ल्युमेनचा व्हिडिओ लाइट घ्या. उजेड कुठे पडतोय ते फोटो काढण्याआधीच दिसतं, व्हिडिओही होतो, फायबर केबलचं झेंगट नाही.

प्रवाळवेडी

@काडीपेटी, काडी ओली आहे. :) स्ट्रोब आपला सगळा प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या हिस्स्याच्या आसपास ओततो, म्हणून हलता मासा गोठतो. तुमचा लाइट तेवढाच प्रकाश सावकाश देणार. मग शटर १/६० वर आणा नाहीतर आयएसओ १६०० करा. रात्रीच्या डाइव्हला तर दिवा लावला की लेन्ससमोर किड्यांची जत्रा, आणि कोळंबी बिळात. व्हिडिओसाठी जरूर घ्या.

सूक्ष्मदर्शी

मी न्यूडीब्रँकवाला (रंगीत, बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी), त्यामुळे निवळशंख यांच्या बाजूने. दोन सेंटिमीटरच्या जिवाला दोन सूर्य कशाला? एक स्ट्रोब, त्यावर स्नूट (झोत अरुंद करणारी नळी), उजेड रुपयाएवढा. मागची माती अंधारात जाते. स्नूट नेमका बसवायला मात्र जीव जातो, पहिल्या महिन्यात मी फक्त शेजारच्या दगडाचे फोटो काढले.

एक गोष्ट इथे कुणीच काढली नाही. प्रकाशाचा रंग. काही स्ट्रोब ४८०० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचं माप) आसपासचे, उबदार म्हणजे पिवळसर असतात, बरेचसे ५५०० किंवा त्याहून थंड, म्हणजे निळसर. स्ट्रोब उबदार असला की व्हाइट बॅलन्स थंडीकडे सरकवावा लागतो आणि मागचं पाणी आपोआप जास्त निळं होतं. हिरवट पाण्यात फोटो काढणाऱ्यांनी गाइड नंबराआधी हा आकडा बघावा. थंड स्ट्रोबला उबदार डिफ्यूझर (उजेड पसरवणारं झाकण) लावूनही बरंचसं काम भागतं.

निवळशंख

@प्रवाळवेडी, तीन गोष्टी एकदम बदलल्या हे मान्य. सपशेल पकडलंत.

पण जोडीचा ताप तुम्ही सांगत नाही. आठ सेल रात्री चार्ज करा, दोन झाकणं, दोन ओ-रिंगा (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या), आणि बोट सुटायची ती सकाळी सातला. जानेवारीत कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला गेलो तेव्हा घाईत ओ-रिंगवर टॉवेलचा एक धागा राहिला. गुलाबी, नखाएवढा. बारा मीटरवर उजवा स्ट्रोब पेटायचा बंद झाला. वर आल्यावर झाकण उघडलं तर आत खारं पाणी आणि सेलच्या टोकांना हिरवट साय. गोड्या पाण्याने धुतला, दुरुस्तीत महिना गेला. विकायला काढलाय तो हाच. घेणाऱ्याला हे सांगतो, म्हणून कुणी घेत नाही.

प्रवाळवेडी

आणि त्या डाइव्हचे उरलेले फोटो कशावर काढलेत? डाव्यावर ना? मग जोडी कामाला आलीच की!

निवळशंख

या हिशेबाने माणूस तिसराही घेईल.

बरं, जाहिरात तूर्त मागे घेतो. पावसाळ्यात बोटी बंदच असतात, ऑक्टोबरात परत सुझीज रेकला जातो. दोन्ही बाजूंना सारखे लांब आर्म, तोंडं बाहेर, आणि त्याच जागी आधी एकावर मग दोनवर फोटो. एका वेळी एकच गोष्ट बदलणार. दोन्ही फोटो इथे टाकतो, कुठला कशाचा ते न सांगता. रवा मोजायचं काम तुमचं.

दर्यावर्दी

फोटो काढताना फिन खंय होते, ताय लिवा.