ट्रिगर जड केला की झालं, असं नाही
पिस्तुलाचा ट्रिगर जड असला, म्हणजे ओढायला जास्त जोर लागत असला, की धांदलीत चुकून गोळी सुटत नाही, असं म्हणतात. अर्धंच पटलं. न्यूयॉर्क पोलिसांनी आपल्या ग्लॉक पिस्तुलांचा ट्रिगर मुद्दाम सुमारे ५.४ किलोचा जोर लागेल असा करून घेतला होता. साधा असतो अडीच किलोच्या आसपास. २०१२ साली एम्पायर स्टेट बिल्डिंगपाशी दोन पोलिसांनी १६ गोळ्या झाडल्या, त्यात ९ वाटसरू जखमी झाले. जड ट्रिगर ओढताना नेम हलतो, ही टीका तेव्हा पुन्हा झालीच.

आणि झटापटीत डाव्या हाताने कुणाची कॉलर घट्ट धरली, किंवा पाय घसरला, तर पिस्तूल धरलेल्या उजव्या हाताची बोटंही आपोआप आवळली जातात. तेवढा जोर जड ट्रिगरलाही पुरू शकतो. म्हणून झाडायचं ठरेपर्यंत बोट ट्रिगरगार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) बाहेर, फ्रेमवर (पिस्तुलाच्या सांगाड्यावर) सरळ. ही सवय घोटून घोटून हातात मुरवावी लागते.