मदत हवी आहे : ‘द पुअर्स’ का चालत नाही? आणि ‘ड्रिंकिंग वॉटर’चं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

मी कराडजवळच्या एका गावात राहते. संध्याकाळी घरीच आठवी ते दहावीच्या मुलांची शिकवणी घेते, सगळी मराठी माध्यमाची. इंग्रजी मी स्वतः वाचून वाचून शिकले. त्यामुळे बरोबर काय ते सांगता येतं, पण ‘असं का?’ विचारलं की अडते. या आठवड्यात दोनदा अडले.

पहिली अडचण. नववीतल्या एका मुलीने निबंधात लिहिलं, ‘वुई शुड हेल्प द पुअर्स’. मी शेवटचा एस खोडला. तिने वही पुढे धरून विचारलं, “बाई, आपण गरिबांना म्हणतो ना? ते अनेकवचनच आहे, मग एस का नको?” मी सांगितलं, विशेषणाला ‘द’ लावला की तो अख्खा वर्ग होतो : द रिच, द पुअर, द अनएम्प्लॉइड. एस लागत नाही, पण क्रियापद अनेकवचनी, ‘द पुअर आर’. तिने लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती इंग्रजी पेपरचं कात्रण घेऊन आली : ‘द अक्यूज्ड वॉज प्रोड्यूस्ड इन कोर्ट’. इथे ‘वॉज’ कसं? आणि ‘इंडियन’ हे विशेषण आहे, तर ‘इंडियन्स’ला एस कसा? मला उत्तर देता आलं नाही.

दुसरी अडचण क्रियापदाच्या शेवटी लागणाऱ्या आयएनजी आणि ईडीची. ‘आय ॲम बोअरिंग’ असं लिहिणारी मुलं दरवर्षी असतात. त्यासाठी मी एक मराठी युक्ती काढली होती. कंटाळवाणा तास तो बोअरिंग, कंटाळलेला मुलगा तो बोअर्ड. गोंधळात टाकणारा प्रश्न कन्फ्यूजिंग, गोंधळलेली मुलगी कन्फ्यूज्ड. थोडक्यात, ‘णारा’ म्हणजे आयएनजी, ‘लेला’ म्हणजे ईडी. एकाने ‘डॉक्टर टोल्ड मी टू ड्रिंक बॉइलिंग वॉटर’ लिहिलं, तेव्हा त्याला सरळ स्वयंपाकघरात नेलं. गॅसवर पातेलं होतं, बुडबुडे फुटत होते, झाकण थडथडत होतं. म्हटलं, हे उकळतं पाणी, बॉइलिंग. मग शेजारच्या तांब्यातलं दुपारी उकळून गार केलेलं पाणी त्याला प्यायला दिलं. हे उकळलेलं, बॉइल्ड. ती चूक त्याने पुन्हा केली नाही.

पण आता तोच विचारतो, ‘ड्रिंकिंग वॉटर’ म्हणजे पिणारं पाणी का? ‘वॉकिंग स्टिक’ म्हणजे चालणारी काठी? आणि ईडी म्हणजे कोणीतरी ती क्रिया केलेली असते, असं मी शिकवलं होतं, तर ‘रिटायर्ड टीचर’ला रिटायर कोणी केलं? माझी युक्ती चुकीची आहे का? शनिवारी पुन्हा तास आहे, मुलं उत्तराची वाट बघतायत. कृपया समजावून सांगा.

प्रतिसाद : जुना फळा

ताई, युक्ती चुकीची नाही, अपुरी आहे. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, निम्मी वर्षं याच प्रश्नांशी झटलो.

आधी गरिबांचं बघू. मराठीत ‘गरीब माणसांना’ म्हटलं की प्रत्यय माणसाला लागतो, गरीब आहे तसाच राहतो. माणूस गाळला की तोच प्रत्यय गरिबाला चिकटतो : गरिबांना, जखमींची, शहाण्याला शब्दांचा मार. म्हणजे आपलं विशेषण पूर्ण नाम होतं, वचन आणि विभक्तीसकट. इंग्रजीत ते अर्ध्या वाटेवर थांबतं. ‘द’ घेतं, पण आतून विशेषणच राहतं. म्हणून ‘द व्हेरी पुअर’ चालतं, ‘द पुअर्स’ चालत नाही. एकट्या माणसासाठी ‘अ पुअर’ही चालत नाही, ‘अ पुअर मॅन’ म्हणावं लागतं. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा की तिची शंका रास्त आहे, ती मराठीच्या नियमाने बरोबर चालली होती.

‘इंडियन’ हा शब्द इंग्रजीत विशेषणही आहे आणि स्वतंत्र नामही, म्हणून ‘ॲन इंडियन’, ‘इंडियन्स’. ‘फ्रेंच’ तसा नाही. ‘द फ्रेंच’ म्हणजे सगळे फ्रेंच लोक, एकटा असेल तर फ्रेंचमन. ‘अक्यूज्ड’ (आरोपी) आणि ‘डिसीज्ड’ (मृत) हे कायद्याच्या भाषेतले अपवाद. आरोपी एक असेल तर वॉज, अनेक असतील तर वेअर, शब्द तोच. आणखी एक गट आहे : द अननोन, द इम्पॉसिबल, द अनएक्स्पेक्टेड. तिथे माणसं नाहीत, अमूर्त कल्पना आहे, म्हणून क्रियापद एकवचनी.

आता ड्रिंकिंग वॉटर. त्यालाही मराठीतच उत्तर आहे. आपण ‘पिणारं पाणी’ म्हणत नाही, ‘पिण्याचं पाणी’ म्हणतो. जिथे मराठीत ‘ण्याचा’ येतो तिथे आयएनजी हे कामाचं नाव असतं, ती वस्तू कशासाठी आहे ते सांगणारं. ड्रिंकिंग वॉटर पिण्याचं, पण रनिंग वॉटर वाहतं. स्लीपिंग बेबी झोपलेलं बाळ, स्लीपिंग बॅग झोपण्याची पिशवी. मोठ्याने म्हणून बघा : स्लीपिंग बॅगमध्ये जोर पहिल्या शब्दावर पडतो, स्लीपिंग बेबीमध्ये बाळावर. आणि हो, इथे मराठीत ‘झोपलेलं’ येतं आणि इंग्रजीत आयएनजी, तेवढा एक खड्डा मुलांना आधीच दाखवून ठेवा. उभा, बसलेला, झोपलेला या अवस्था इंग्रजी चालू क्रिया म्हणून बघतं.

प्रतिसाद : पानगळ

रिटायर्डबद्दल थोडं. सकर्मक क्रियापद असेल तर ‘लेला’ म्हणजे त्या वस्तूवर क्रिया झाली : तळलेला मासा, फ्राइड फिश. अकर्मक असेल तर क्रिया तिची स्वतःचीच : गळलेली पानं, फॉलन लीव्ह्ज. पळालेला कैदी, एस्केप्ड प्रिझनर. रिटायर्ड टीचर यांच्याच रांगेतला. ‘कोणीतरी केलं’ऐवजी ‘होऊन गेलं’ असं शिकवलं तर दोन्ही बसतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! ‘पिण्याचं पाणी’ रोज तोंडात असून मला सुचलं नव्हतं. अजून एक विचारते. अर्ज लिहिताना मुलं ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’ लिहितात, मीही तेच शिकवलंय. परवा कुठेतरी ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’ वाचलं. कोणतं बरोबर? आणि ‘द एज्ड’ कसं उच्चारायचं?

प्रतिसाद : जुना फळा

आपल्याकडच्या कार्यालयांत पहिलं सर्रास चालतं, त्यामुळे मुलांना चूक म्हणून मार्क कापू नका. पण भारताबाहेरच्या इंग्रजीत ‘कन्सर्न्ड’ नामाच्या आधी आला की चिंतेत पडलेला, नामानंतर आला की संबंधित. ‘कन्सर्न्ड पेरेंट्स’ म्हणजे काळजीत असलेले आईवडील. म्हणून अर्जात ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’ शिकवलेलं बरं.

‘द एज्ड’ म्हणजे वृद्ध मंडळी, उच्चार ‘ए-जिड’, दोन तुकड्यांत. ‘एज्ड टेन’, दहा वर्षांचा, तिथे उच्चाराचा एकच तुकडा. ‘लर्नेड’चंही तसंच : विद्वान या अर्थी ‘लर्निड’. पण माणसांबद्दल लिहिताना मुलांना ‘द एज्ड’, ‘द ब्लाइंड’पेक्षा ‘ओल्ड पीपल’, ‘ब्लाइंड पीपल’ची सवय लावा. व्याकरणाने दोन्ही बरोबर, पण ‘पीपल’ लिहिलं की त्यात माणूस उरतो, नुसतं व्यंग किंवा वय उरत नाही. मी हे फार उशिरा शिकवायला लागलो.

धागाकर्ती

लिहून घेतलं. शनिवारी त्या मुलीलाच फळ्यावर बोलावणार आहे, ‘गरीब माणसांना’ आणि ‘गरिबांना’ एकाखाली एक लिहायला. तांब्या-पातेलंही पुन्हा काढते, या वेळी शेजारी पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवून.