लॅब (लॅब्राडोर कुत्रा), ८ महिने: घरी एकटा असला की कुरतडतो

सोफ्याचा_कोपरा
लॅब, नर, ८ महिने, २६ किलो. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते दुपारी २:३० घरात कोणी नसतं. आतापर्यंतचा हिशेब: सोफ्याचा डावा कोपरा, टीव्हीचा रिमोट (सेल दोन्ही सापडले), तीन चपला, आणि मुख्य दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग. सकाळी २० मिनिटं फिरणं होतं. काँग (आत खाणं भरायचं पोकळ रबरी खेळणं) भरून देतो, दहा मिनिटांत चाटूनपुसून रिकामं. आम्ही घरात असताना कशाला तोंड लावत नाही. दात येताहेत म्हणून, की मुद्दाम करतो? पिंजरा घ्यावा का? सोसायटीत सांगतात, तिखट लावा.

दुधाचे_दात
दात यायचं वय सरलं. दुधाचे २८ दात साडेतीन-चार महिन्यांपासून पडतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. त्यानंतरचं कुरतडणं म्हणजे नवा जबडा आणि रिकामा वेळ. ‘मुद्दाम’ तर डोक्यातून काढूनच टाका. आल्यावर मान खाली घालतो ती तुमचा चेहरा आणि आवाज ओळखून. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांच्या २००९ च्या प्रयोगात काहीही न केलेल्या कुत्र्यांनीही ओरडा खाल्ल्यावर हाच ‘अपराधी’ चेहरा केला होता. तासाभरापूर्वीच्या चपलेसाठी आत्ता रागावलात तर तो एवढंच शिकेल की तुम्ही घरी येणं धोक्याचं.

तिखट नको. नाका-डोळ्यांत जातं, आणि बऱ्याच लॅबना त्याचं फार काही वाटतही नाही.

मला खटकतेय ती चौकट. पिंजऱ्याचं ठरवण्याआधी जुना फोन शेल्फवर लावून तुम्ही गेल्यानंतरचा निदान दीड तास रेकॉर्ड करा. दार बंद झाल्यावर पाच-दहा मिनिटांतच येरझाऱ्या, लाळ, रडणं, दारावर ओरबाडणं, आणि काँगला स्पर्श नाही (तुम्ही आल्यावर मात्र फस्त) असं दिसलं तर ती एकटेपणाची भीती. अशा कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडलं की तो गजांवर दात आणि नखं मोडून घेतो. आधी झोपला, मग उठून काहीतरी शोधत फिरला, तर तो कंटाळा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

सोफ्याचा_कोपरा
व्हिडिओ झाला. १०:०५ ला बाहेर पडलो. १०:१५ पर्यंत काँग, मग ११:१० पर्यंत झोप. शेजारी कुरियर आलं, लिफ्टचं दार वाजलं, हा उठून भुंकला, दोन मिनिटं चौकट चावली आणि तिथून सोफ्याकडे.

वास_घेऊ_द्या
मग हा कंटाळाच, आणि चौकटीचं कारण बाहेरचा आवाज. दारावर निघतो तो त्याचा राग, भीती नव्हे. बेल बंद करून जा, दाराजवळच्या खोलीत पंखा मोठा ठेवा, आणि मुळात त्याला मुख्य दारापर्यंत पोचू देऊ नका. आतल्या एका खोलीला किंवा पॅसेजला लहान मुलांसाठी मिळतं ते जाळीचं गेट लावा. २६ किलोच्या लॅबला उंची किमान ९० सेंटीमीटर हवी. आत पाणी, गादी, चावायच्या दोन वस्तू. रिमोट, चपला, पायपुसणं, सगळं बाहेर. जुनी चप्पल ‘त्याची’ म्हणून देऊ नका. जुनी-नवी हा फरक त्याला कळत नाही.

२० मिनिटं या वयाला कमी आहेत. ४० करा, पण पळवून दमवायचं नाही. लांब दोरीवर सोडा, हुंगत फिरू द्या. शेवटची दहा मिनिटं संथ. घरी आल्यावर १५-२० मिनिटं शांत बसू द्या, मग निघा. चेंडू फेकून लगेच कुलूप लावलं तर तो तापलेलाच राहतो आणि ती रग सोफ्यावर निघते.

काँग दहा मिनिटांत संपतं कारण भरण सैल आहे. लार्ज लाल घ्या. खालचं बारीक भोक शेंगदाण्याच्या बटरने बुजवा; डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलं असेल तर ते बटर घरातही नको, कुत्र्याला ते विष आहे. आत भिजवलेलं त्याचं रोजचं खाणं, शिजवलेला भात, उकडलेलं बिनहाडाचं चिकन, वर दह्याचा थर. कांदा, लसूण, बेदाणे नाहीत. स्टीलच्या पेल्यात उभं ठेवून रात्रभर फ्रीझरमध्ये. मात्र पहिल्याच दिवशी दगड झालेलं दिलंत तर प्रयत्न सोडून तो सोफ्याकडे जाईल. आठवडाभर घट्ट पण न गोठवलेलं, मग दोन तास गोठवलेलं, मग रात्रभराचं. हे सगळं दिवसाच्या खाण्यातूनच वजा करा, नाहीतर दोन महिन्यांत कंबर दिसेनाशी होईल. फरशी पुसून घ्या, मुंग्या लागतात.

तरी तो अकराला उठणारच. त्या वेळेसाठी जुन्या टॉवेलच्या घड्यांत मूठभर कोरडं खाणं गुंडाळून कोपऱ्यात ठेवा. आधी तुमच्यासमोर दोन-तीनदा द्या. टॉवेलच खायला लागला तर हा खेळ त्याच्यासाठी नाही. साडेचार तास सलग जास्तच होतात, साडेबाराला कोणी १५ मिनिटं खाली नेऊन आणलं तर अर्धं काम होईल.

दुधाचे_दात
चावायला काय द्यायचं त्याबद्दल. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर खूण उमटली पाहिजे. शिंगं आणि याक चीजच्या (याकच्या दुधाच्या वाळवलेल्या चीजच्या) कांड्या त्याहून टणक असतात, वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडतो. शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात. एकटा असताना कच्च्या चामड्याच्या गाठीही नकोत. फुगलेला तुकडा घशात बसतो.

गेटच्या आतल्या वायरी पीव्हीसीच्या केसिंग पट्टीत घाला आणि बटण बोर्डावरूनच बंद करून जा. कुरतडू नये म्हणून वस्तूंवर मारतात तो कडू स्प्रे वापरायचा तर आधी कागदी रुमालावर मारून चव घेऊ द्या. तोंड वाकडं केलं नाही तर पैसे वाया. त्याची चव टिकत नाही, रोज मारावा लागतो. शॉक लागलाच तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद, आणि नंतर ठीक दिसला तरी डॉक्टरकडे न्या, कारण फुफ्फुसात पाणी काही तासांनी भरू शकतं.

आणि चपलांचे तुकडे मोजा. पट्टा जुळत नसेल आणि तो उलट्या करत असेल, खात नसेल, शी होत नसेल, तर संध्याकाळची वाट पाहू नका.