बाजारभर कपडे, अंगाला एकही नाही : नागपूरकर महिलांचे अनुभव

नागपुरात कपड्यांची टंचाई आहे असे कुणीही म्हणणार नाही. गांधीबागेतील घाऊक पेठ, इतवारीतील साड्यांची दुकाने, सीताबर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्या, धरमपेठ-गोकुळपेठेतील बुटिके आणि आता मोबाइलवरून घरपोच येणारी पाकिटे, एवढे सगळे हाताशी असूनही चाळिशीच्या आसपासच्या कोणत्याही दोघी भेटल्या की बोलणे फिरून तिथेच येते : नीट बसणारा, शोभणारा, उन्हाळ्यात घालता येईल असा साधा कुर्ता मिळत नाही. दुकानदाराला सांगावे तर उत्तर ठरलेले असते, ‘अभी यहीच चल रहा है, दीदी.’

हे ‘यहीच’ नेमके काय आहे आणि त्यातून प्रत्येकीने आपापली वाट कशी काढली, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती मी काही मैत्रिणींना आणि ओळखीच्या महिलांना केली होती. एकच अट घातली होती. कपड्यांविषयी लिहायचे, स्वतःच्या अंगाविषयी तक्रार करायची नाही, कारण ती आपण एरवी पुष्कळ करतो. आलेले अनुभव जवळजवळ आहेत तसेच या धाग्यात, म्हणजे ऑनलाइन चर्चेत, देत आहे. काहींनी आधीच्या अनुभवांना उत्तरेही दिली आहेत.

मानेवाडा, माध्यमिक शिक्षिका

मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने शिक्षकांच्या पोशाखाविषयी सूचना काढल्या. त्यानुसार शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता अथवा चुडीदार-कुर्ता दुपट्ट्यासह वापरावा, जीन्स आणि टी-शर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र छपाई नको, असे ठरले. त्या सूचनांवर वाद झाले, त्यात मी येथे पडत नाही. माझी अडचण अगदी व्यावहारिक आहे. शासनाला जो दुपट्टा हवा आहे, तो बाजाराने काढून टाकला आहे. दुकानात आता को-ऑर्ड सेट मिळतात, म्हणजे एकाच कापडाची आखूड कुर्ती आणि खाली तशीच पँट. दुपट्टा मागितला की मुलगी मला शेजारच्या काउंटरवर पाठवते आणि तेथे जो मिळतो तो शिफॉनचा असतो, जो खांद्यावर ठरत नाही आणि गाडी चालवताना तोंडाला बांधायच्याही उपयोगाचा नसतो. मे महिन्यात भर दुपारी पेपरांचे गठ्ठे घेऊन स्कूटरवरून येणाऱ्या बाईला दुपट्टा कशासाठी लागतो, हे नागपुरात तरी कुणाला समजावून सांगावे लागू नये.

दुसरी गोष्ट बाह्यांची. कुर्ता बिनबाह्यांचा असतो आणि बाह्यांचे कापड आत एका पिशवीत टाचलेले असते, ते लावून घेण्याचे पैसे वेगळे. त्या लावल्या तरी फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उचलला की संपूर्ण कुर्ता पोटापर्यंत वर सरकतो, आणि बाजूचा कट कमरेपासूनच सुरू होत असल्यामुळे पाठीमागे बसलेल्या साठ मुलांसमोर मला एका हाताने लिहावे आणि दुसऱ्या हाताने कुर्ता धरून ठेवावा लागतो. मोठे माप घेऊन पाहिले, तर खांदे उतरतात आणि हात वर केल्यावर तो आणखीच वर जातो. असे का होते, हे कुणी सांगू शकेल का?

नंदनवन, घरी शिवणकाम करणाऱ्या

मानेवाड्याच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर मुंढ्यात आहे. बाही जिथे धडाला जोडली जाते तो गोलाकार म्हणजे मुंढा, आणि आजच्या रेडिमेड कपड्यात तो मुद्दाम खोल कापलेला असतो. खोल मुंढ्याचा कुर्ता बारीक दंडाच्या बाईलाही येतो आणि जाड दंडाच्या बाईलाही येतो, म्हणून तो कारखान्याला सोयीचा पडतो. पण बाहीची सुरुवात काखेपासून खाली गेली की हात वर करताना बाही एकटी वर जात नाही, ती धडाचे कापड सोबत ओढून नेते. मुंढा काखेला जवळ ठेवला तर हाताला उलट जास्त मोकळीक मिळते. गिऱ्हाइकाला हे पटत नाही, तिला वाटते की घट्ट होईल. पुरुषांच्या जुन्या पद्धतीच्या कुर्त्यांना काखेत एक लहानसा चौकोनी तुकडा जोडलेला असतो, तो याचसाठी. मी शिक्षिका आणि नर्स यांच्या कुर्त्यांना तो आवर्जून लावते, तो बाहेरून दिसतही नाही.

मोठ्या मापाचे गणितही सांगते. कारखान्यात एक मूळ माप नीट बेतलेले असते आणि पुढची मापे त्यावरून ठरावीक इंचांनी वाढवत नेतात. छाती चार इंचांनी भरली म्हणून कोणत्याही बाईचा खांदा त्याच हिशेबाने रुंद होत नाही, परंतु कागदावर तो होतो. त्यामुळे छातीला बसणारा कुर्ता खांद्यावरून घसरतो आणि खांद्याला बसणारा छातीवर आवळतो. अशा वेळी छातीच्या मापाने कुर्ता घ्यावा आणि खांदा आत घेऊन बाही पुन्हा बसवून घ्यावी. हे काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. याच्या उलट, खांद्याच्या मापाने घेतलेला कुर्ता छातीत सैल करता येत नाही, कारण आत कापडच नसते.

कुर्ता विकत घेण्यापूर्वी तो उलटा करून बाजूची शिवण अवश्य पाहावी. पूर्वी तेथे बोटाच्या पेराएवढी दाब, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जास्तीचे कापड, असायची. बाळंतपणानंतर, आजारपणानंतर, वयानुसार तीच उसवून कपडा सैल केला जाई. आता ओव्हरलॉकचे यंत्र शिवता शिवताच जास्तीचे कापड छाटून टाकते आणि कडेला दोऱ्यांची जाळी तेवढी उरते. तो कपडा ज्या दिवशी घेतला त्या दिवशीच्या अंगापुरताच असतो. माझ्याकडे रोज कुणीतरी असा कुर्ता घेऊन येते आणि मला ‘यात काही होणार नाही’ एवढेच सांगावे लागते.

आणि शिवून का घेत नाही, असे विचारणाऱ्यांसाठी : अडीच मीटर कापड, अस्तर आणि माझी शिलाई मिळून जो आकडा होतो, त्यात सीताबर्डीवर दोन कुर्त्या येतात. गिऱ्हाईक चुकीचे वागत नाही, आणि मीही शिलाई याहून कमी करू शकत नाही.

त्रिमूर्तीनगर, मिहानमधील कंपनीत नोकरी, वय २६

मी या चर्चेत थोडी विरोधी बाजू मांडणार आहे. सैल, ओघळत्या खांद्यांचे शर्ट आणि रुंद पायांच्या पँट्स मला मनापासून आवडतात. माझ्या आईच्या पिढीने ‘फिटिंग’च्या नावाखाली श्वास कोंडणारे पंजाबी ड्रेस घातले, ते मला घालायचे नाहीत. त्यामुळे ‘आजची फॅशन वाईट’ हे सरसकट विधान मला मान्य नाही.

माझी तक्रार मापाच्या चिठ्ठीबद्दल आहे. एका कंपनीची मी ‘एम’, दुसरीची ‘एक्सएल’, आणि तिसरीकडे सगळेच ‘फ्री साइज’, म्हणजे कुणा एकीचेच माप. आपल्याकडे अनेक कंपन्या परदेशी मापांचे तक्ते थोडेफार बदलून वापरतात. भारतीयांचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून निफ्ट या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने देशातील सहा शहरांत पंचवीस हजारांहून अधिक लोकांची मापे थ्रीडी स्कॅनरने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्या सहा शहरांत महाराष्ट्रातून मुंबई आहे. विदर्भातील कुणी त्या यंत्रासमोर उभे राहिले असण्याची शक्यता कमीच. आणि खिसे! पुरुषांच्या पँटच्या खिशात पाण्याची बाटली मावते. माझ्या पँटला खिशाच्या जागी नुसती एक टीप मारलेली आहे, तिच्यात बोटही जात नाही.

*(धागाकर्ती : खिशांविषयी आलेल्या मजकुराचाच वेगळा धागा होईल, म्हणून तो विषय येथे थांबवला आहे.)*

बजाजनगर, गृहविज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापिका

रंग, गळे आणि घेर यांवर पुष्कळ लिहिले जाते, परंतु मला सर्वांत मोठी फसवणूक धाग्याची वाटते. हवेतील ओलावा धरून ठेवण्याची कापसाची क्षमता त्याच्या वजनाच्या साधारण आठ टक्के असते, पॉलिएस्टरची अर्ध्या टक्क्याच्याही आत. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथे या आकड्यांचा अर्थ पाठीवर समजतो. तरीही दुकानात ‘कॉटन फील’, ‘मसलिन’, ‘सिल्की कॉटन’ अशा चिठ्ठ्यांखाली जे विकले जाते, त्यातले बरेचसे पॉलिएस्टर किंवा त्याचे मिश्रण असते. ज्या प्रदेशात शेतकऱ्याच्या घरात कापूस छतापर्यंत रचून ठेवलेला असतो, त्याच प्रदेशातील बाईला सुती कुर्ता शोधत हिंडावे लागावे, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

रेयॉनबद्दल मात्र गैरसमज नको. ते लाकडाच्या लगद्यापासून तयार होते आणि घाम कापसाहूनही जास्त शोषते, म्हणून अंगाला गार वाटते. दोष असा की ओले असताना त्याची ताकद बरीच घटते आणि ते आटते. रेयॉनचा कुर्ता पिळू नये, आणि घेताना उंचीला दीड-दोन इंच जास्त असलेला घ्यावा.

खात्री करायची असेल तर आतल्या शिवणीतून दोन धागे ओढून काढावेत आणि चिमट्यात धरून पेटवावेत. सुती धागा कागद जळल्यासारख्या वासाने जळतो आणि बोटाने चुरडली जाणारी राख उरते. पॉलिएस्टर वितळते, काळा धूर येतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. अर्थात हे घरी आणल्यावरच करता येते, दुकानात काडी पेटवण्याचा सल्ला मी देत नाही.

महाल, वय ७४

माझे यजमान एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली ती मिल २००२ मध्ये बंद पडली आणि आता त्या जागेवर मॉल आहे. नातीने मला तेथे कपडे घ्यायला नेले होते, ते असो. मी आजही साडीच नेसते, त्यामुळे कुर्त्यांचे मला ठाऊक नाही. माझे दुःख ब्लाउजचे आहे.

हल्ली प्रत्येक साडीला ब्लाउजपीस जोडूनच येतो आणि तो जेमतेम ऐंशी सेंटीमीटरचा असतो. मला बाही कोपरापर्यंत लागते, पाठ झाकलेली लागते आणि अंगाने मी भरलेली आहे. ऐंशी सेंटीमीटरमध्ये हे बसत नाही. मग शिंपी म्हणतो, ‘आजी, बाही आखूड करू का?’ मी नाही म्हणते, तेव्हा शिंपी काठ बाहीला लावायचा सोडून काखेत जोड देतो. पूर्वी मॅचिंग सेंटरमध्ये साडीचा पदर काउंटरवर पसरायचा, दुकानदार टू बाय टूच्या, म्हणजे ब्लाउजच्या कापडाच्या, गठ्ठ्यांतून तीन-चार छटा उजेडात धरून दाखवायचा आणि हवे तेवढे कापून द्यायचा. तशी दुकाने इतवारीत आहेत अजून, पण जिने चढवत नाहीत. रेडिमेड ब्लाउज म्हणून जे मिळते त्याच्या पाठीला दोन दोऱ्या आणि लटकन असते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी लटकन कुणाला दाखवू?

प्रतापनगर, नाव व व्यवसाय देऊ नये अशी विनंती

माझी स्तनाची शस्त्रक्रिया झाली आहे. त्यानंतर मला पुढून उघडणारे, बंद गळ्याचे आणि हात फार वर न करता घालता येणारे कपडे लागतात, कारण डोक्यावरून कुर्ता काढताना त्या बाजूचा खांदा अजून साथ देत नाही. अशी कुर्ती एका मोठ्या दुकानात मागितली तेव्हा मला ‘फीडिंग कुर्ती’च्या, म्हणजे बाळाला अंगावर पाजणाऱ्या आयांच्या कपड्यांच्या, विभागात नेण्यात आले. विकणारी मुलगी मनाने चांगली होती, तिला माझी अडचण सांगितल्यावर ती स्वतः शोधू लागली, पण दुकानात तशी एकही वस्तू नव्हती. पुढे बटणे दिसत होती ती सारी नुसती वरून टाकलेली, खाली पट्टी शिवून बंद केलेली.

शेवटी नवऱ्याच्या सुती शर्टाचा नमुना देऊन मी तशीच लांब कुर्ती शिवून घेतली, छातीवर चुण्या घेऊन, म्हणजे दोन बाजूंतील फरक दिसत नाही. ज्यांना गरज असेल त्यांनी शिवणाऱ्या बाईला संकोच न करता कारण सांगावे. कारण कळले की तिलाही कुठे सैल ठेवायचे ते नीट समजते.

सक्करदरा, उंची चार फूट दहा इंच

थोडक्यात लिहिते. लांब अनारकलीचा काठ कापला की तिचा सगळा डौल जातो, म्हणून उंची खालून कमी न करता कमरेच्या जोडातून कमी करून घ्यावी. जीन्सच्या बाबतीत मूळ खालची पट्टी कापून वर जोडून देणारे कारागीर बर्डीवर आहेत. बाकी सर्व बाबतींत मी लहान मुलींच्या विभागातून कपडे घेते, ते स्वस्त पडतात आणि त्यांना खिसेही असतात.

कामठी रोड, बँक कर्मचारी

सर्व अनुभव वाचून माझी पद्धत सांगते. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, मी हातमागाच्या प्रदर्शनातून किंवा गांधीबागेतून थान पाहून सुती कापड घेते, एका सणाला टसर हे रेशमी कापड. आपल्या भागातील करवतकाठी टसरला भौगोलिक मानांकन आहे, तरी ते कापड कुर्त्यासाठी वापरावे असे फारसे कुणाला सुचत नाही. त्याचा दातेरी काठ बाहीच्या टोकाला फार सुरेख दिसतो. कापड घरी एकदा पाण्यातून काढून, वाळवून, मगच शिवायला देते. नमुना म्हणून मला नेमका बसणारा एक जुना कुर्ता शिवणाऱ्या बाईंकडेच कायमचा ठेवला आहे. त्यामुळे दर वेळी माप, चर्चा, वाद काही उरत नाही.

नंदनवनच्या ताईंना मात्र एक विचारायचे आहे. काखेतला तो चौकोनी तुकडा अस्तराच्या कुर्त्याला लावता येतो का, आणि लावायचा झाल्यास तो अस्तरालाही वेगळा कापावा लागतो का? पुढच्या आठवड्यात माझे कापड शिवायला जाणार आहे, त्यापूर्वी कळले तर बरे होईल.