मदत हवी: लाँगबोर्डवर (लांब स्केटबोर्डवर) स्लाइड शिकायलोय, चाकं कोणती घेऊ?

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईचा. इथं बोर्ड काखेत दिसला की लोक "इस्त्रीची फळी घेऊन कुठं निघालास?" म्हणतात, तेव्हा गावात विचारायची सोय नाही.

पुण्यात शिकताना हॉस्टेलच्या मित्राकडून जुना 38 इंची ड्रॉप-थ्रू (चाकांचा सांगाडा फळीतून आरपार बसवलेला) बोर्ड घेतला. फिरणं, वळणं, पाय घासून थांबणं जमतं. पण आमचं गाव बालाघाटाच्या अंगावर, उताराला तोटा नाही. बुटाचा तळ दोन महिन्यांत गेला, म्हणून आता स्लाइड, म्हणजे बोर्ड आडवा करून चाकं घसरवत वेग मारायचा.

गावाबाहेर नवं प्लॉटिंग पडलंय. सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना हद्दीचे दगड, घर एकही नाही. उतार बेताचा, खाली बोर्ड आपोआप थांबतो. जागा झकास, घोडं चाकांपाशी अडलंय. आहेत ती 70 मिमी, 78ए (हा चाकाच्या कडकपणाचा आकडा), कडा चौकोनी. बोर्ड आडवा केला की चाकं रस्ता धरून बसतात, बोर्ड जागीच थांबतो आणि मी एकटाच पुढं जातो. परवा असाच कोपरावर आलो. (हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड होते. कोपराचे नव्हते, आता आहेत.) आईनं बोर्ड माळ्यावर टाकला, तो खाली आणायला तीन दिवस लागले.

तीन जोड बघून ठेवलेत. 70 मिमी 80ए, गोल कडा, स्टोन-ग्राउंड. तशीच, पण 86ए. आणि साध्या स्केटबोर्डची 54 मिमी 99ए, सगळ्यात स्वस्त. मित्र म्हणतो शेवटचीच घे, लोण्यासारखी घसरतात. वजन 58 किलो, बजेट पाच हजार, ओढूनताणून सहा. काय करू?

घाटवळण:
मित्राचं ऐकू नका. 99ए घसरतात हे खरं, पण शेवाळावर पाय पडावा तशी. एकदम सुटतात आणि वेग फारसा कमी होत नाही. तुम्हाला तर स्लाइड थांबण्यासाठी हवीय ना? शिवाय सिमेंटच्या रस्त्यावर खराट्यानं ओढल्यासारख्या रेघा असतात. एवढ्याशा कडक चाकावर तिथं दात वाजतील, आणि बारीक खडा आला तरी चाक अडकेल.

आकड्याआधी कडा बघा. चौकोनी कडेची धार वळणात रस्त्याला दाबून धरते, ती चाकं धरायलाच बनवलेली असतात. गोल कडेला ती धार नाही, त्यामुळे पकड हळूहळू सुटते आणि हळूहळू परत येते. ते पायाला कळलं पाहिजे, सगळं शिकणं त्यातच आहे. स्टोन-ग्राउंड म्हणजे साच्यातून निघालेली चकचकीत साल आधीच घासून काढलेली. साल असलेलं नवं चाक सुरुवातीला जास्त धरतं, आणि ती उतरेपर्यंत दर वेळी वेगळं वागतं.

'ए'चा आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. ओरँगटँग कंपनीची चाकं रंगावरून ओळखतात: नारिंगी 80ए, जांभळी 83ए, पिवळी 86ए. पण दोन कंपन्यांचं 80 एकसारखं वागेलच असं नाही, रसायन वेगळं असतं. तुमचं वजन कमी आणि रस्ता खरबरीत, तेव्हा 80ए घ्या. बेअरिंगची बैठक चाकाच्या मधोमध असेल तर उत्तम. चाक एका अंगानं जास्त झिजलं की उलटं बसवता येतं.

जुना गाडीवान (नांदेड):
आम्ही लहानपणी गॅरेजात टाकून दिलेली बेअरिंग आणून फळीला ठोकायचो आणि उतारावर सोडून द्यायचो. पोलादी चाक! स्लाइड शिकावी लागत नव्हती, टाळता येत नव्हती. आवाजानं अख्खी गल्ली बाहेर यायची. अमेरिकेतली पोरंही क्लेच्या टणक चाकांवरच आपटत होती. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीनं युरेथेनची (एका लवचिक प्लास्टिकची) चाकं आणली, तेव्हा कुठं रस्त्यावर पकड मिळाली. 99ए पण युरेथेनच आहे हो, पण बैलगाडीच्या लोखंडी धावेची आठवण येते.

उतारावरची ताई (छ. संभाजीनगर):
भाऊ, चाकं घ्याच, पण एक सांगा, बोर्ड आडवा करताना वेग किती असतो? भीतीपोटी सगळे हळू करतात आणि तिथंच फेकले जातात. कमी वेगात गोल कडेचं चाकसुद्धा धरतं. सायकल जोरात हाणल्यावर असतो तेवढा वेग तरी हवा.

आधी कोलमन स्लाइड शिका. खाली बसायचं, टाचेच्या बाजूला वळत एक हात रस्त्यावर टेकवायचा, भार पुढच्या पायावर ठेवून मागचा पाय फिरवायचा. मागं रेललात की बोर्ड पुढं पळालाच समजा. हातमोज्यांशिवाय हे करूच नका. मी हार्डवेअरच्या दुकानातून वेल्डिंगचे चामडी मोजे आणले, आणि भाजी चिरायच्या जाड प्लास्टिकच्या बोर्डातून गोल चकत्या कापून तळव्यावर वेल्क्रोनं बसवल्या. (सासूबाई अजून तो बोर्ड शोधतायत.)

बोर्ड आडवा करून तसाच ठेवू नका, स्लाइड संपता संपता परत सरळ करा. पूर्ण थांबेपर्यंत आडवा राहिला तर चाकं एकाच जागी घासून चपटी होतात. मग ती टक-टक-टक वाजत राहतात, बरं करायचा उपाय नाही. आणि दर वेळी आधी पायी वर जाऊन रस्ता बघा. मुरमाचे दोन खडे पुरेसे असतात.

धागाकर्ता:
ताई, बरोबर पकडलंत. मी जेमतेम चालण्याच्या वेगात आडवा करत होतो. दोष सगळा चाकांचा नव्हता तर. 80ए मागवली, बैठक मधोमध आहे, कुरिअर धरून बजेटच्या दीडशे वर गेलं. वेल्डिंगचे मोजे मिळाले, चकत्यांसाठी स्वतःच्या पैशानं नवा बोर्ड आणलाय, आईच्या स्वयंपाकघरात हात घालायची आता हिंमत नाही.

फक्त प्लॉटिंगच्या रस्त्यावर सध्या वरपासून खालपर्यंत सोयाबीन वाळत घातलंय. चुलत्यांचंच आहे, त्यामुळे बोलताही येत नाही. पोत्यांत भरलं गेलं की खराटा मारतो, आणि पहिली स्लाइड कशी झाली ते इथंच कळवतो.

उतारावरची ताई:
खराटा दोनदा मारा. चाकाखाली सोयाबीन म्हणजे सुटी बेअरिंगच.