कल्पित शहरातली नाटकं-देवळांची पेठ, जीव कसा आणायचा?

नकाशेवाला
आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ) ग्रुप आहे, यावेळी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी आहे. शहरात नदीकाठाला दीपमाळ पेठ म्हणून एक भाग ठेवलाय, भरपूर देवळं, चार नाटकगृहं, रात्रभर गर्दी. नकाशा झकास झालाय पण देवळं एकीकडे, नाटकं एकीकडे, सगळं सुटं सुटं वाटतंय, खेळाडू दोन मिनिटांत पुढच्या पेठेत जातील. खरोखरच्या अशा जागा चालायच्या कशा, पैसा कुठून यायचा, भांडणं कशावरून व्हायची? कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

कुडाळचो_झील
अरे देऊळ आणि नाटक वेगळं काढूच नको. आमच्या सिंधुदुर्गात कार्तिकानंतर जत्रा सुरू होतात, पालखी फिरून आली की रात्री उशिरा देवळासमोर दशावतार उभा राहतो तो उजाडेपर्यंत, आणि शेवटी हंडी फोडून दहीकाला. मुकुट, कपडे, दागिने सगळं पेटाऱ्यातून येतं आणि त्या पेटाऱ्याची आधी पूजा. संवाद लिहिलेले नसतात, आख्यान कुठलं ते ठरलं की नट रंग लावता लावताच आपसात बोलून घेतात आणि उभे राहतात. रंगमंचावर काय तर एक लाकडी बाकडं, तेच राजाचं सिंहासन. बायकांची कामं पुरुषच करतात, लुगडं नेसून आले की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या टक लावून बघत बसतात. आणि तुझ्या भांडणाचं बोलायचं तर, कुठल्या देवळाची जत्रा कुठल्या कंपनीकडे हे बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. तुझ्या पेठेत एका देवळाने यंदा जुनी कंपनी सोडून दुसरीला बोलावलं असं कर, खेळाडू आपोआप अडकतील.

रात्रपाळी
एदो, म्हणजे जुनं टोकियो, ते बघ. असाकुसाला सेन्सोजी हे कान्नोन या बौद्ध करुणादेवतेचं मोठं देऊळ, तिथे गर्दी आधीपासून होतीच. १८४१ मध्ये शहराच्या मध्यातल्या काबुकी, म्हणजे जपानी पारंपरिक नाटकांच्या, नाटकगृहांना आग लागली, तेव्हा सरकारच्या सुधारणा जोरात होत्या आणि नाटकांनी लोक बिघडतात असं वरच्यांचं मत, म्हणून १८४२ पासून नाटकगृहं मूळ जागी बांधू न देता असाकुसाजवळ सारुवाकाचो नावाच्या वस्तीत हलवली. हाकलायचं म्हणून हलवली आणि देवळाची गर्दी आयतीच शेजारी! मला हे फार आवडतं. शिवाय आगीच्या भीतीने खेळ दिवसाउजेडी व्हायचे, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत, त्यामुळे नाटकगृहाला लागून चहाघरं होती, तिथूनच जागा धरायची, जेवण मागवायचं, मधल्या वेळात कपडे बदलायचे. पेठेतला पैसा तिकिटापेक्षा असल्या आजूबाजूच्या धंद्यांत दाखव, चहाघरवाल्या बाईला सगळ्यांच्या भानगडी माहीत असतात, तुझ्या खेळाडूंनी बातम्या तिच्याकडूनच काढाव्यात.

नकाशेवाला
वा, चहाघरवाली पक्की! पण पुजाऱ्यांची सत्ता नाटकावर कशी दाखवू? नुसतं "बंदी घातली" म्हटलं तर पोकळ वाटतं.

तिसरी_घंटा
बंदीपेक्षा बसायची जागा दाखव. अथेन्सला डायोनिसोस या ग्रीक देवाचं नाट्यगृह त्याच्या देवळालाच लागून, अॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर, आणि पहिल्या रांगेत बरोब्बर मधे पुजाऱ्याची कोरीव संगमरवरी खुर्ची आहे, आजही बघता येते. नट समोर देवाची टिंगल करतोय आणि पुजारी हाताच्या अंतरावर बसलाय, काय सीन होईल! उलटं हवं असेल तर रोम. तिथे दगडी कायमच्या नाट्यगृहाला विरोध होता, पाँपे या सेनापतीने इ.स.पू. ५५ मध्ये आपलं नाट्यगृह बांधलं आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या माथ्यावर व्हीनस देवीचं देऊळ ठेवलं, म्हणजे म्हणायला पायऱ्या देवळाच्या.
आणि केरळचं कूडियाट्टम, म्हणजे तिथलं जुनं संस्कृत नाट्य, विसरू नको. ते देवळाच्या आवारातल्या कूत्तंबलममध्ये, म्हणजे नाट्यगृहात, व्हायचं, समोर मोठा दिवा, आणि मिळावू नावाच्या ढोलाला ब्रह्मचारी मानून त्याची मुंज करतात. विसाव्या शतकाच्या मध्यात पैंकुळम रामचाक्यार या नटाने ते देवळाबाहेर सादर केलं तर त्याच्याच समाजातून विरोध झाला. तुझं भांडण इथेच आहे बघ, एखाद्या नटाला तो खेळ देवळाबाहेर, चौकात, सगळ्यांसमोर करायचाय, आणि ढोल पुजाऱ्यांच्या कुलपात आहे.

नकाशेवाला
ढोल काढून आणायचं काम रविवारी खेळाडूंना देतो. दिवा मात्र नटाने स्वतःच लावायचा, तेवढं त्याच्यावर सोडतो.