मॉर्फिन लिहून दिलं म्हणून…
मॉर्फिन म्हणजे तीव्र वेदनांवरचं औषध. ‘ते सुरू केलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले’ असं काहींचं मत असतं, मला ते पटलं नाही. बॉस्टनमधला २०१० चा अभ्यास बघा. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ रुग्ण होते. ज्यांना निदानापासूनच पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारी देखभाल, मॉर्फिन तिच्यातलंच एक औषध) मिळाली, त्यांच्यावर शेवटी आक्रमक उपचार कमी झाले, तरी त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांपुढे जगले. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हाच आकडा ८.९.

आमच्या यवतमाळकडे रडगाणं वेगळंच. खर्ऱ्यापायी (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) मामाजींच्या गालात कॅन्सर. डॉक्टरांची मॉर्फिनची चिठ्ठी होती, पण तालुक्यातल्या एकाही मेडिकलात गोळी नाही. २०१४ च्या कायदादुरुस्तीनं मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं खरं, आम्हाला मात्र त्यासाठी एसटीनं नागपूर गाठावं लागे. आणि हो, गोळीसोबत पोट साफ होण्याचं औषध आठवणीनं मागून घ्या, मॉर्फिननं बद्धकोष्ठ बहुतेकांना होतंच.